शिवेबाहेरचं खुराडं

जनवाडा, तालुका बीदर
कार्तिक वद्य ७, फसली १३४७

धुरपदे,

थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. तू मागितला नसलास तरी घे, आशीर्वादाला गाडीभाडं पडत नाही.

पत्र बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही, मी तर नाहीच नाही. हे अक्षर शेजारच्या बसलिंगप्पांच्या सुनेचं, लिंगम्माचं. पोरगी सोलापूरची, शाळेत गेलेली, रांगोळी काढावी तसं लिहिते. लिंगायताचं घर, अंड्याला शिवायचं नाही, तेव्हा मी कोंबडी म्हटलं की ही नाकाला पदर लावते आणि उरलेल्या एका हाताने लिहिते. तिची सासू पलीकडे ओसरीवर तूर पाखडायली आहे. तिला वाटतंय मी बीदरच्या भाचीची खुशाली लिहवून घेतेय.

काल कासार आला होता, सुनेला बांगड्या भरायला. तो तुमच्या कल्याणहून, दोन मुक्कामांवरून आलेला. म्हणाला, "आज्जी, तुमच्या बहिणीच्या भिंतीवर एक काळा कोंबडा बघितला. काय त्याची मान, काय त्याचा दिमाख! मी वाट मागितली तर हलंना. शेवटी मीच गल्ली बदलली."

मी हसले. म्हटलं, धुरपदाच्या घरी कोंबडा भिंतीवर कसा? तिच्या घरी तर पातेल्यात असतो.

हे मी लागावं म्हणूनच बोलले आणि लागावं म्हणूनच लिहवतेय. आपल्या आप्पांनी जमादाराच्या ड्योढीवर झुंजीचे असील कोंबडे राखण्यात उमर घालवली आणि बक्षीस म्हणून काय आणलं, तर कागर वाणाची एक जोडी. कावळ्यासारखी काळी, चोच काळी, पाय काळे. आपल्या लग्नांत त्यांनी भांडी कमी दिली, पण मला कागराची तलंग दिली आणि तुला पठ्ठा दिला. म्हणाले, "आता दोघींला एकमेकीच्या दारी यावंच लागंल." किती वर्षं आलो गेलो आपण! मी कोंबडी घेऊन यायची, तू पिलं घेऊन जायची. मग माझी सगळ्यांत चांगली तलंग, अजून एक अंडंसुद्धा न घातलेली, तुझ्याकडे ठेवून आले आणि आखाडात तुझ्या घरच्यांनी ती व्याह्यांना वाढली. तू घरी नव्हतीस, सुनेने केलं, मान्य. पण मी विचारायला आले तेव्हा तू काय म्हणालीस? "अक्का, शेवटी कोंबडीच की ती."

तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. ते तसंच बंद राहू दे, मला काही अडचण नाही. माझं अंगण भरलेलं आहे. पहाटे इतका गलका असतो की अंकुश म्हणतो, आई, ह्यांना एक दिवस तरी उपास घाल.

सहज विचारते. तो कोंबडा किती वर्षांचा? पायाची खवलं खरबरीत झालीत की अजून चकचकीत आहेत? चालताना मागचं बोट नीट टेकतो ना? तुझ्याकडे त्याच्या जोडीला कागराची कोंबडी आहे की तो एकटाच?

मला काही नको आहे. नुसतं विचारलं.

तुझी अक्का, चंद्रभागा


जनवाडा
मार्गशीर्ष शुद्ध ११

धुरपदे,

तुझं पत्र पोचलं. लिंगम्माने दोनदा वाचून दाखवलं. "आपले कृपापत्र पावोन संतोष जाहला" हे तू जन्मात बोलली नाहीस, हे तुझ्या ग्यानबाचं. शिकलेला मुलगा आहे, कोर्टात बसतो, लिहू दे बापड्याला. तुझं बोलणं मला एका ओळीत सापडलं: "अक्काला कोंबडा बघायचाय तर पायांना काय झालं?" हे वाचताना लिंगम्मा अडखळली. मी म्हटलं वाच, वाच, आता माझी बहीण आली पत्रात.

पायांना काही झालेलं नाही. यायचं मनात नाही, एवढंच.

पण आता ऐक. मागच्या पत्रात अंगण भरलेलं आहे असं लिहवलं ना, तेव्हा लिंगम्माने लेखणी थांबवून माझ्याकडे बघितलं होतं. मी म्हटलं, लिही, तुझ्या लेखणीला काय जातंय. तिने लिहिलं. अंगण तेव्हाही रिकामं होतं, धुरपदे.

दिवाळीच्या पाठोपाठ मरी आली. आधी एक कोंबडी मान वाकडी करून आभाळाकडे बघत गोल गोल फिरायला लागली. लेकरं हसली, मीही हसले. दुसऱ्या दिवशी ती आडवी पडली. मग एकेक करून सगळ्या. पंख सुटलेले, चोचीतून लाळेची तार, हिरवं पाणी हगायच्या. लसूण चारला, ताकातून हळद पाजली, खुराडं राखेनं भरलं, मरीआईला नारळ फोडला. काही म्हणजे काही लागू पडलं नाही. माझा कोंबडा सगळ्यात शेवटी गेला. उभा राहता येईना तर भिंतीला टेकून उभा राहिला, पण बसला म्हणून नाही. अंकुशने मळ्यात खड्डा खणून चुना टाकून सगळं पुरलं. तो किती झाल्या ते सांगायला आला तर मी म्हटलं, मोजू नकोस.

एक तेवढी वाचली. ती कडब्याच्या गंजीमागे चोरून अंडी घालून ती उबवायला खुडूक बसली होती. बाहेर मरण चाललंय याचा तिला पत्ताच नव्हता. अंडी नासकी निघाली, पण कोंबडी धडधाकट. तिला मी हट्टी म्हणते. नाव तुझ्यावरूनच ठेवलंय, तू चिडलीस तरी चालेल.

आता तू लिहितेस की तुझी शेवटची कागर कोंबडी कोल्ह्याने नेली आणि हा कोंबडा एकटाच राहिलाय. म्हणजे तिकडे एकटा तो, इकडे एकटी ही. गावात गावठी कोंबडे दोन-चार वाचलेत, पण त्यांच्यापासून पिलू निघेल ते कोंबडीचं पिलू असेल, कागर नसेल. हट्टीचं वय झालंय. संक्रांतीनंतर ती घालायला लागेल आणि माझ्या अंदाजाने ती तिची शेवटची खेप. ती वाया गेली की आप्पांचं वाण संपलं. मग तू कल्याणला बस आणि मी जनवाड्याला बसते, आणि दोघी अगदी बरोबर असू.

कोंबडा पाठव. फुकट मागत नाही, वाट्याने दे. रीत तुला ठाऊक आहे: कोंबडा तुझा, कोंबडी माझी, पिलं निम्मी निम्मी, विषम निघालं तर जास्तीचं कोंबडीवालीचं.

मला हल्ली एका जागी बसवत नाही. दिवस मावळला की पाय आपले खुराड्याकडे जातात. झापड लावायला वाकते, मग आठवतं की आत कुणी नाही. हट्टी माझ्या उशालगत डालग्याखाली असते. सून नाक मुरडते. मुरडू दे.

(आजींनी हे सगळं चालता चालता सांगितलं. त्या खाली बसल्याच नाहीत. मला लिहायला फार त्रास झाला. — लिंगम्मा)

तिने शेवटी काय खरडलं ते मला वाचून दाखवत नाही. काही खोटं असेल तर सोडून दे.

चंद्रभागा


जनवाडा
पौष शुद्ध ३

धुरपदे,

उत्तर नाही. कामून गप्प बसलीस? हात दुखायला तू काही स्वतः लिहीत नाहीस.

टपालवाला गल्लीत आला की मी बाहेर, तो गेला की मी आत. अंकुश म्हणतो, "आई, कोंबडी तू हायस का ती? अंडं घालायला जागा हुडकायलीस जणू." हसली सगळी. मीही हसले, पण बसले नाही.

हट्टीच्या डोक्यावरची तुरई लाल व्हायला लागली आहे. म्हणजे अंड्यावर आली, हे तुला सांगायला नको. ग्यानबाला कळत नसेल तर त्याला सांग, आणि त्याला म्हण, कोंबडा म्हणजे कोर्टाचं काम नव्हे, लांबणीवर टाकता येत नाही.

द्यायचा नसेल तर नाही म्हण. तुझ्या तोंडून नाही ऐकायची मला सवय आहे.

चंद्रभागा


जनवाडा, ओढ्यापलीकडचं शेत
पौष वद्य ९

धुरपदे,

तुझा कोंबडा पोचला. तुझा सालगडी अंबाजीही पोचला. दोघं जिवंत आहेत, हे आधी सांगते. पुढचं ऐकताना मध्ये बोलू नकोस.

बाई, तुला कुणी सांगितलं होतं त्याला नवरी पाठवावी तसा पाठवायला? अंगाला हळद, कपाळाला कुंकू, गळ्यात कडुलिंबाचा पाला, पायात काळा दोरा! अंबाजी म्हणाला, "वाटंत दृष्ट लागू नये म्हणून धाकट्या आईनं सोताच्या हातानं लावलं. लावताना डोळं पुसायल्या होत्या." तुझी डोळे पुसायची बातमी मला आवडली, ती वेगळी ठेवते. पण इकडे काय झालं ते बघ.

कोंबड्यांनंतर गावात लेकरांना ताप सुरू झाला. गाव घाबरलं. म्हणून आदल्याच मंगळवारी मरीआईचा गाडा काढला, वाजत गाजत मावळतीच्या शिवेपर्यंत नेला आणि रोग घेऊन जावा म्हणून हळदकुंकू लावलेला एक कोंबडा शिवेपलीकडे हाकलला. असा हाकललेला कोंबडा ज्या गावात शिरेल तिथे रोगही शिरतो, हे तुला मी सांगायला नको. आपल्याच लहानपणी शेजारगावच्या अशा कोंबड्यावर तूच दगड भिरकावला होतास.

आणि गाडा घालवून चार दिवस होत नाहीत तो मावळतीच्याच वाटेने एक माणूस येतो, डोक्यावर डालगं आणि डालग्यात हळद माखलेला कोंबडा! शिवेवरच्या पोरीबाळी ओरडत गावात पळाल्या. मी पोचेस्तोवर शिवेवरच्या ओढ्याच्या अलीकडे गडीमाणसं काठ्या घेऊन उभी, पलीकडे अंबाजी डालगं छातीशी धरून उभा. बिचाऱ्याचं तोंड असं झालं होतं, जणू चोरी न करता सापडलाय.

मी ओढ्यात उतरले तर भगवानराव पाटील आडवे आले. "काकू, फुडं जाऊ नका. कुन्या गावानं सोडलेला कोंबडा हाय त्यो."

"सोडलेला न्हाई, पाठवलेला हाय. माझ्या बहिणीनं."

"मग हळदकुंकू कामून लावलं?"

"तिला अक्कल कमी हाय म्हणून."

दोघे-चौघे हसले. मला वाटलं, सुटलं. पण पाटील हसले नाहीत. त्यांची नात तापाने फणफणलेली, त्यांना तरी हसू कुठून येणार? म्हणाले, "काकू, तुम्ही खोटं बोलायलाव असं मी म्हणत न्हाई. पर रोग मावळतीला घालवला आन् मावळतीकडूनच हळदीचा कोंबडा यायलाय. उद्या एक लेकरू गेलं तर लोक काय म्हणतील? मी कुनाकुनाला तुमच्या बहिणीची अक्कल सांगत हिंडू?"

बोलणं खोटं नव्हतं.

मी म्हटलं, धुवून आणते. म्हणाले, हळद धुतली जाते, पाठवणी धुतली जात नाही. मागून एकजण म्हणाला, ओढ्यापलीकडेच मान मोडून टाका. अंबाजी डालगं घेऊन खाली बसला आणि वर आडवा झाला. धुरपदे, त्या माणसाला जेवायला चांगलं घालत जा.

तेव्हा मी पाटलांना विचारलं, "त्याला आत येता येत न्हाई. पर माझ्या कोंबडीला भायेर जाता येतंय का न्हाई?"

अंकुशने माझा हात धरला. "आई, कसलं खूळ काढायलीस?"

पाटलांनी एकदा ओढ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "जाता येतंय. पर ती त्याच्यासंगं राहिली की तीबी त्याचीच झाली. मग ती आत येनार न्हाई. तिची अंडी न्हाईत, पिलं न्हाईत. नीट इचार करा, काकू."

विचार करायला मी घरी गेले. विचार काय केला, तर हट्टीला डालग्यात घातलं, ज्वारीच्या कण्या घेतल्या, माझी वाकळ घेतली आणि परत ओढ्यावर आले. आमची एक पट्टी शिवेपलीकडे आहे, तिथे हुरड्याच्या वेळची खोप उभी आहे. अंबाजीने तिला झापड लावली, बाजूला बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं. खुराडं झालं. मी माणूस आहे म्हणून मला गावात जाता येतं, फक्त ओढ्यात पाय धुवून. हट्टी आता कधीच माझ्या अंगणात येणार नाही.

हे पत्र लिंगम्मा ओढ्यापलीकडे दगडावर बसून लिहितेय आणि मी इकडून ओरडून सांगतेय. त्यामुळे सगळ्या गावाला पत्रातला मजकूर कळला. तुझ्या अकलेचाही.

चंद्रभागा


ओढ्यापलीकडचं शेत
माघ शुद्ध १२

धुरपदे,

अंबाजीला परत पाठवते. हे पत्र त्याच्याच हाती देते.

तुझ्या राजाची आणि माझ्या हट्टीची पहिली भेट सांगते. तो छाती काढून, एक पंख जमिनीला घासत तिच्याभोवती फिरला. ती बघत उभी राहिली. मग तिने त्याच्या डोक्यावर अशी टोच मारली की राजा बाभळीच्या कुंपणात. दोन दिवस ती त्याला कण्यांना शिवू देईना. अंबाजी म्हणाला, "मोठ्या आई, हे काय जमायचं न्हाई." मी म्हटलं, थांब, आमच्या घराण्यात पहिल्यांदा असंच असतं. तिसऱ्या दिवशी त्याने एक किडा शोधला, स्वतः खाल्ला नाही, कुटकुट करून तिला बोलावलं. ती गेली. किडा खाल्ला. झालं. पुरुषाची जात शहाणी व्हायला एक किडा पुरतो, हे आधी कळलं असतं तर आपले संसार सोपे झाले असते.

तिने अंडी दिली. थोडीच दिली, म्हातारी आहे. मी एकेक उचलून भुशात, टोक खाली करून ठेवत गेले. मग ती खुडूक झाली, अंग फुलवून गुरगुरायला लागली. खोपीत मातीचं आळं केलं, राख पसरली, वर मऊ पाचट, विजेचं भय नको म्हणून लोखंडाचा तुकडा, आणि तिला बसवली. आता बसली आहे.

आणि माझा जीव टांगणीला. म्हातारी कोंबडी मध्येच अंडी टाकून उठते, हे आपण दोघींनी बघितलंय. ती कण्या खायला उठली की मी मनात म्हणते, बस गं, बस. ती बसते, तर मी उठते. खोपीतून बांधावर, बांधावरून खोपीत. वरती घार घिरट्या घालते. बांधाच्या कपारीत मुंगूस आहे, त्याची विष्ठा मी रोज बघते. तुझा राजा मात्र कामाचा निघाला. सावली जरा हलली की असा कर्कश ओरडतो की पाटलांना त्यांच्या ओसरीवर ऐकू जातं. त्यांनाही कळू दे.

अंकुश रोज भाकरी घेऊन येतो आणि ओढ्याच्या पलीकडे उभा राहतो. काल म्हणाला, "आई, लोक काय म्हनायलेत म्हाईत हाय का? अंकुशरावानं आईला शिवेभायेर टाकलं म्हनायलेत."

"मग सांग, आईनंच तुला टाकलं."

"चेष्टा करू नगंस. घरी चल. थंडी पडायली."

"ही उठली की चलते."

"ती कवा उठनार?"

"तुला पोटात घेऊन मी बसले हुते, तवा कुनी इचारलं व्हतं का मला, कवा उठनार?"

तो खाली वाकला. भाकरी दगडावर ठेवून गेला. आज आला तेव्हा भाकरीबरोबर घोंगडी होती, आणि मुंगसासाठी लोखंडी जाळीही, लोहाराकडून आणलेली. देताना तोंड दुसरीकडे.

लिंगम्मा हरभऱ्याची भाजी खुडायला म्हणून येते आणि हे लिहिते. काल मी एक अंडं मुठीत धरून उन्हाकडे बघत होते, आत सावली धरली का ते. ती लांब उभी. मग हळूच जवळ आली. मग माझ्या खांद्यावरून डोकावली आणि म्हणाली, "अज्जी, आत ते तांबडं तांबडं काय हालायलंय?"

"जीव."

(हे लिहवू नका म्हटलं तरी आजी ऐकत नाहीत. माझ्या सासूबाईंना मराठी वाचता येत नाही म्हणून लिहिते. — लिंगम्मा)

तिने नाकाला पदर लावला नव्हता, हेही लिही म्हटलं मी. लिहिलंय की नाही देव जाणे.

धुरपदे, पिलं निघाली तर तुझी निम्मी पाठवीन. कुणाच्या हाती पाठवायची ते तेव्हा बघू. तुझे गुडघे धरतात असं अंबाजी म्हणाला. तू हे मला लिहिलं नव्हतंस. एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांध. आणि अंबाजी दुसरं काही म्हणाला असेल की मी अमुक विचारलं, तमुक विचारलं, तर त्याचं सगळं खरं मानू नकोस.

चंद्रभागा


ओढ्यापलीकडचं शेत
फाल्गुन वद्य ३

धुरपदे,

पिलं निघाली.

हट्टी उठली नाही. शेवटच्या दिवसांत खाणंही सोडलं होतं तिने, मीच चोचीला ओली कणी लावत होते. एका सकाळी तिच्या पोटाखालून चिवचिव आली. निम्म्याहून जास्त अंडी फुटली. काळी, ओली, पोटाखाली जरा पिवळसर. आपल्याला आप्पांनी ओंजळीत धरून दाखवलेली, अगदी तशी. एकाला मुंगसाने जाळीच्या कडेने ओढून नेलं. तेव्हापासून हट्टी कुणाला जवळ येऊ देत नाही, मलासुद्धा टोचते. बाकीची पिलं आता पंख फोडायला लागलीत आणि आपसात छाती भिडवून भांडतात. अजून शेपूट नाही आणि भांडण आहे! वाण अस्सल आहे, यात शंका नाही.

गावातली लेकरं बरी झाली. पाटलांची नातही खेळायला लागली. म्हणून होळी झाल्यावर अंकुश माझ्यासाठी पाटलांकडे गेला. मला न सांगता गेला. म्हणाला, आता रोग गेला, आई थकली, पिलांना तरी आत येऊ द्या. पाटलांनी चार माणसं बसवली. माणसं म्हणाली, रोग कामून गेला? शीव पाळली म्हणून गेला. आता कशाला मोडायची? पाटील स्वतः ओढ्यावर आले, मला हात जोडले. म्हणाले, "काकू, माज्या एकट्याचं असतं तर मीच डोक्यावर घिऊन आलो असतो." मी म्हटलं, पाटील, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी नीट विचार करूनच आले होते.

तेव्हा हिशेब असा आहे. रीतीप्रमाणे निम्मी पिलं तुझी, निम्मी माझी. पण माझी निम्मी ठेवायला मला अंगण नाही. इथे खोपीत ठेवली तर पावसाळा काढायची नाहीत, मीही काढायची नाही. कुणाला द्यायची तर आखाड येतोच आहे.

तुझं अंगण आहे. भिंत आहे. तुझ्या भिंतीवर तो उभा राहतो, हे कासाराने सांगितलं तेव्हाच मला कळलं होतं की जागा चांगली आहे. मी हसले ते उगीच.

मी रात्रंदिवस हेच घोळवत होते की हे तुला कसं सांगावं. अंकुशला काही बोलले नव्हते. आज सकाळी बघते तर ओढ्याच्या पाण्यात बैलगाडी उभी, वर कडब्याचं छप्पर केलेलं, आणि अंकुश बैलांना पाणी दाखवतोय. मी विचारलं, "कुठं निघालास रं?"

म्हणाला, "मी कुठं? तूच निघालीस. सांगायला येळ लावायलीस म्हनून म्यां जुंपली."

हे पत्र टपालात टाकणार नाही, धुरपदे. लिंगम्मा गाडीच्या जुवाला टेकून लिहितेय. तिची सासू ओढ्यापलीकडे उभी आहे आणि सगळं बघतेय, पण आज हाक मारत नाही. डालग्याखाली हट्टी आणि पिलं, दुसऱ्या डालग्यात तुझा राजा. वाटेत दोन मुक्काम होतील. मी तुझ्या दारात येईन आणि उभी राहीन. तोंडाने मला हे सगळं बोलता यायचं नाही. मी काहीतरी वाकडं बोलेन, तू त्याहून वाकडं बोलशील, मग ग्यानबाला चहा करायला सांगून तू आत जाशील आणि मी गाडीत बसेन. आपण दोघी अशाच आहोत. म्हणून लिहून आणतेय. हे ग्यानबाच्या हातात देईन, त्याने मोठ्याने वाचावं, माझ्यासमोर. 'कृपा लोभ' वगैरे आपल्या पदरचं घालू नये.

किती दिवस राहणार, ते मी ठरवलेलं नाही. पिलं आईपासून सुटेस्तोवर म्हणाले तर ते खोटं होईल, कारण ती सुटली की मला दुसरं काहीतरी निमित्त काढावं लागेल.

ग्यानबा, बाळ, इथवर वाचलंस ना, आता थांब. तुझ्या आईकडे बघू नकोस. तिला डोळे पुसू दे. आणि तू, धुरपदे, पुसून झाले की काही बोलायचं नाही. आधी डालगी उतरवून घे. पिलं वाटेत तहानली असतील.